यूट्यूब किड्स आणि मुलांचे खाण्याचे व्हिडिओ: दिवाळीपासूनचा अनुभव

मुलगी 9 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा. दोघांनाही खाण्याचे व्हिडिओ जिवापाड आवडतात. दिवाळीत टॅबवर यूट्यूब किड्स घातलं, आता उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली आहे. सुट्टीत हा प्रश्न घरोघरी येणार, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सेटिंग. अ‍ॅपमध्ये वयाचे तीन गट आहेत: 4 वर्षांपर्यंत, 5 ते 8 आणि 9 ते 12. दोघांची प्रोफाइल वेगळी केली, पण वयाच्या गटावर विसंबले नाही. फक्त पालकांनी मंजूर केलेलंच दिसावं, असा एक पर्याय आहे. तो लावला की आपण निवडलेले चॅनेल आणि व्हिडिओ तेवढेच राहतात आणि मुलांना शोधाशोध करता येत नाही. माझ्या मते अख्ख्या अ‍ॅपमध्ये सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. टायमरही चांगला आहे. वेळ संपली की पडदा लॉक होतो, त्यामुळे रोजची हुज्जत टळते. खाद्यपदार्थ आणि पेयांच्या जाहिराती या अ‍ॅपवर घेतच नाहीत.

पण बंदी आहे ती जाहिरातींना. एखादा मुलगा वीस मिनिटं चॉकलेटची पाकिटं फोडत बसला असेल, तर तो व्हिडिओ जाहिरातीत मोडेलच असं नाही. शिवाय यूट्यूबवर व्हिडिओला लागणाऱ्या ‘मुलांसाठी’ या शिक्क्याचा पदार्थाशी काही संबंध नाही. त्याचं मूळ आहे मुलांच्या खासगी माहितीबद्दलच्या अमेरिकन कायद्यात. 2019 मध्ये गूगलने तिथे 17 कोटी डॉलर भरून तडजोड केली आणि 2020 च्या जानेवारीपासून आपला व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही, हे बनवणाऱ्याने सांगणं सक्तीचं झालं. शिक्का असला की कमेंट बंद राहतात आणि बघणाऱ्याच्या सवयी हेरून जाहिराती दाखवल्या जात नाहीत. साखर किती पडली, सुरी कुणाच्या हातात आहे, उकळत्या तेलाजवळ कोण उभं आहे, हे बघायला तिथे कुणी बसलेलं नाही. ते आपणच बघायचं.

मी नवीन चॅनेल मंजूर करण्याआधी त्याचे दोन-तीन व्हिडिओ शेवटपर्यंत बघते. शेवट महत्त्वाचा असतो, कारण पाकीट, कंपनीचं नाव, ‘खालच्या लिंकवरून घ्या’ हे बहुतेकदा तिथेच येतं. पण खरी परीक्षा व्हिडिओ संपल्यावर होते: मूल उठून काय मागतं? पाकिटं फोडण्याचा व्हिडिओ बघून उठलेला मुलगा पाकीटच मागतो. भाकरी थापताना बघून उठला की पिठाचा गोळा मागतो. चॅनेल ठेवायचा की काढायचा, हे मी आता यावरूनच ठरवते.

नुसतं खाऊन दाखवणारे व्हिडिओ, म्हणजे दक्षिण कोरियातून आलेले मुकबांग आणि त्यांचे आपल्याकडचे अवतार, मी सरसकट बंद ठेवलेत. त्यात पदार्थ बनत नाही, पोट भरत नाही, कुणी पुरे म्हणत नाही. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांचा 2019 मधला एक अभ्यास आहे, 9 ते 11 वयाच्या 176 मुलांवरचा. लोकप्रिय यूट्यूबरांना अरबटचरबट खाऊसोबत बघितलेल्या मुलांनी नंतर स्वतःही जास्त खाल्लं. पण तेच चेहरे पौष्टिक खाऊसोबत दाखवले, तेव्हा मुलांनी पौष्टिक काही जास्त खाल्लं नाही. म्हणून गाजर खाणारा यूट्यूबर शोधण्यात मी वेळ घालवत नाही.

झटपट जुगाड आणि ‘हॅक’ यांच्या बाबतीत तर मी फार कडक आहे. चीनच्या शेडोंग प्रांतात 2019 मध्ये दोन मुली रिकाम्या डब्यात अल्कोहोल पेटवून पॉपकॉर्न करायला गेल्या. भडका उडाला आणि 14 वर्षांच्या मुलीचा जीव गेला. व्हिडिओ बघून केलं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. धुराच्या बिस्किटांचंही तसंच. ती ज्यात बुडवतात तो द्रवरूप नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो, म्हणजे भयंकर थंड असतो, पण व्हिडिओत दिसतो तो नाकातोंडातून निघणारा गमतीचा धूर. मोठ्या मुलीला मात्र ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅन रिअर्डन यांचे व्हिडिओ शेजारी बसवून दाखवले. त्या अन्नशास्त्र शिकलेल्या आहेत आणि व्हायरल हॅक खरंच जमतात का, हे करून दाखवतात. त्यानंतर काहीही नवीन दिसलं की ‘हे खरंच होतं का?’ असं ती आपणहून विचारते.

मराठीतले चांगले चॅनेल मुलांसाठी म्हणून बनवलेले नाहीत, तरी मला तेच सर्वांत योग्य वाटतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’, मधुरा बाचल यांची ‘मधुराज रेसिपी’. कांदा परतायला वेळ लागतो, हे त्यात दिसतं. मिठाचा अंदाज कसा घ्यायचा ते बोलून सांगतात. हे आम्ही टीव्हीवर, मोठं माणूस सोबत असतानाच लावतो, कारण चूल आणि कढई दोन्ही आहेत आणि पाच वर्षांचं मूल नक्कल करतंच. मासे साफ करताना दाखवले तर मी बंद करत नाही. ताटातली सुरमई कुठून येते हे मुलांना कळावं, असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्याला वेळ द्यावा लागतो. आठवड्यातून एकदा हिस्टरी बघायची, मुलं कशाला कंटाळली ते विचारायचं, जुनं काढून नवं घालायचं. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी सुरुवातीला दोनच चॅनेल मंजूर करावेत, ते पुरतात. आणि घरातला दुसरा फोन विसरू नका. टॅबवर कितीही बंदोबस्त केला, तरी आजोबांच्या फोनवर साधं यूट्यूब उघडंच असतं आणि शॉर्ट्स एकामागून एक सरकत राहतात. आमच्या बाबांच्या फोनवरही किड्स घालून दिलं, दोन्ही नातवंडांची प्रोफाइल लावून दिली आणि पासकोड त्यांच्याकडेच ठेवला. मुलांना तो अजून सापडलेला नाही.