‘फक्त बकरा’ लिहिलेल्या पाकिटात कोंबडीचा पाय

आमची चिकू चार वर्षांची लॅब्राडोर आहे. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून तिला विलक्षण खाज सुटत होती. चाटून चाटून पंजांच्या बोटांमधली कातडी लाल झाली होती, कानांना वास येत होता आणि मध्यरात्री तिच्या खाजवण्याच्या आवाजाने घर जागे होत होते. पुण्यातील आमच्या पशुवैद्यांनी आधी गोचीड-पिसवांचा संशय दूर केला, कानातील बुरशीवर औषध दिले, खाजेच्या गोळ्या सुरू केल्या आणि अन्नाची ॲलर्जी आहे का हे ठरवण्यासाठी तिला किमान आठ आठवडे एकाच प्रकारच्या मांसावर ठेवायला सांगितले. तेवढे थांबण्याचा धीर मला नव्हता.

त्याच सुमारास ओळखीतून एका विक्रेत्याचा क्रमांक मिळाला. ते गृहस्थ स्वतःला श्वान-आहारतज्ज्ञ म्हणवत आणि गोठवलेले कच्चे मांस घरपोच देत. त्यांनी प्रथम चिकूचे केस मागवून ४,५०० रुपयांत ‘ॲलर्जी तपासणी’ केली. अहवालात चाळीसहून अधिक पदार्थ लाल रंगात होते. तांदूळ, गाजर आणि हळदसुद्धा. अशा तपासण्यांबद्दल २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, हे मला फार उशिरा कळले. संशोधकांनी कुत्र्याच्या केसांऐवजी कृत्रिम केस आणि लाळेऐवजी मिठाचे पाणी पाठवले, तरीही ॲलर्जीचे अहवाल आले होते. अन्नाची ॲलर्जी केसांवरून किंवा लाळेवरून खात्रीने ओळखता येत नाही; त्यासाठी आहार बदलून पाहणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

अहवालाच्या आधारावर त्यांनी ‘फक्त बकरा’ असे लिहिलेला कच्चा खिमा सुचवला आणि तीन महिन्यांचे ३३,६०० रुपये आगाऊ घेतले. शिजवल्यामुळेच ॲलर्जी होते, कच्च्या मांसाने ती मुळापासून जाते, असे त्यांचे म्हणणे होते. वास्तविक ॲलर्जी मुख्यतः प्रथिनाची असते, आणि ज्या कुत्र्याला कोंबडी चालत नाही त्याला ती कच्ची दिली म्हणून चालू लागत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत चिकूला बरे वाटले, तेव्हा मी कौतुकाने तिचे छायाचित्र त्यांना पाठवले. पशुवैद्यांच्या गोळ्या त्या वेळी चालूच होत्या, हा विचार माझ्या मनात आला नाही.

गोळ्या संपल्या आणि खाज परतली. शरीरातील विष बाहेर पडत आहे, असे मला सांगण्यात आले. पाचव्या आठवड्यात रक्तमिश्रित जुलाब झाले, तेव्हाही तेच उत्तर मिळाले आणि डॉक्टरांकडे नेल्यास केलेले सगळे वाया जाईल, अशी भीती घातली गेली. प्रत्येक बिघाडाला सुधारणेचे लक्षण ठरवणारा हा खुलासा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यामुळे मी माझ्या डोळ्यांसमोरच्या त्रासावर अविश्वास ठेवला. घरात पंचाहत्तरी ओलांडलेली, मधुमेह असलेली आई आहे आणि तो खिमा आमच्याच फ्रीजमध्ये वितळत होता. गोठवल्याने साल्मोनेलासारखे जंतू मरत नाहीत, हेही त्यांनी कधी सांगितले नाही.

नवव्या आठवड्यात एका पाकिटातून पिवळसर, खवलेदार कातडीचा तुकडा निघाला. त्याला नखी होती. तो कोंबडीचा पाय होता. विचारले असता, “पायांतून फक्त कॅल्शियम मिळते, त्यात प्रथिन नसते,” असे उत्तर आले, जे सपशेल खोटे आहे. पैसे परत मागताच माझा क्रमांक ब्लॉक झाला. पाकिटावर अन्न परवान्याचा क्रमांक छापलेला होता आणि त्यावर मी विसंबले होते. पण अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हा माणसांच्या अन्नासाठी आहे, त्याच्या व्याख्येत पशुखाद्य येत नाही.

पशुवैद्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करवली. खाटकाकडे समोर उभे राहून बकऱ्याचे मांस कापून घ्यायचे, घरी बटाट्याबरोबर शिजवायचे आणि त्याखेरीज बिस्किट, चीज, चवीची औषधी गोळी, काहीही द्यायचे नाही. हा आहार तपासणीपुरताच असतो. पुढे कायम घरचे अन्न द्यायचे तर खनिजांचा हिशेब पशुवैद्यांकडून करून घ्यावा लागतो, हेही त्यांनी बजावले. सातव्या आठवड्यात पंजांवर केस येऊ लागले. आठ आठवडे पूर्ण झाल्यावर मुद्दाम थोडी शिजवलेली कोंबडी दिली, तर तिसऱ्या दिवशी ती पुन्हा पंजे चाटू लागली. कोंबडी थांबवल्यावर खाज ओसरली. म्हणजे तिला जे सोसत नव्हते, तेच ‘फक्त बकरा’ या नावाखाली मी नऊ आठवडे पैसे देऊन तिला भरवत होते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. पैसे भरल्याच्या नोंदी आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट माझ्याजवळ आहेत, पण तो खिमा रागाच्या भरात फेकून दिल्याचा मला फार पश्चात्ताप होतो. कुणाला असे काही आढळले, तर पाकीट लेबलासह बंद करून गोठवून ठेवा आणि लगेच छायाचित्रे काढा. तेच गृहस्थ आता दुसऱ्या नावाने माल विकत आहेत. त्यांच्या जाहिरातीत ‘कच्च्या आहाराने बरी झालेली’ म्हणून जी तपकिरी लॅब्राडोर दिसते, ती आमची चिकू आहे.