विंडोज आणि उबंटू एकाच लॅपटॉपवर: काही महिन्यांनंतर, आवाजापुरतं

विंडोज ११ आणि उबंटू (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) एकाच लॅपटॉपवर नांदताहेत त्याला आता बरेच महिने झाले. स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी, सगळं ठीक. कुरकुर आहे ती फक्त आवाजाची. तो मधूनच गायब होतो, आणि दोन्हीकडे कारणं वेगळी.

सगळ्यात चक्रावणारा प्रकार म्हणजे विंडोजमधून रीस्टार्ट करून उबंटूत आलं की स्पीकर मुके. सेटिंग्जमध्ये स्पीकर दिसतो, गाणं लावलं की पट्टीही नाचते, पण आवाज शून्य. हेडफोन लावा, खणखणीत. भानगड अशी की नुसत्या रीस्टार्टमध्ये ऑडिओ चिपची वीज तुटेलच असं नाही. आधीच्या ड्रायव्हरने (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) तिला जशी सोडली तशीच ती पुढच्याच्या हाती येते. लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू केला की आवाज हजर. पण ‘पूर्ण’ म्हणजे पूर्ण! विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ हे अर्धवट हायबरनेशनच असतं, म्हणजे सिस्टिमची स्थिती डिस्कवर जपून घेतलेली झोप. मी तो पर्याय कायमचा काढून टाकलाय. एरवी शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ केलं तरी भागतं.

उबंटूत ‘डमी आउटपुट’ दिसलं तर प्रकरण वेगळं. तिथे साउंड कार्डच सापडलेलं नसतं. नव्या इंटेल लॅपटॉपवर बहुतेकदा ‘साउंड ओपन फर्मवेअर’ची (आवाजाच्या हार्डवेअरमध्ये चढवायच्या प्रोग्रॅमची) फाइल नसते किंवा जुनी असते. कार्ड दिसत असूनही आवाज नसेल तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘अल्सामिक्सर’ (alsamixer) हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, एफ६ने खरं कार्ड निवडा, आणि पट्टीखाली ‘एमएम’ (म्हणजे म्यूट) दिसलं तर एम दाबा. पल्सऑडिओ रीस्टार्ट करायचे जुने सल्ले मात्र सोडून द्या, २२.१० आवृत्तीपासून उबंटूत आवाज सांभाळायला त्याच्या जागी पाइपवायर आहे.

विंडोजमध्ये त्रास झाला तो अपडेटनंतर. लॅपटॉप कंपनीच्या ड्रायव्हरच्या जागी साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ येऊन बसला होता. डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ केलं, मिटलं.

स्पीकरच गेला असेल अशी शंका आली तर दुकान गाठण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता उबंटू चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) लॅपटॉप सुरू करून बघा. तिथे आवाज आला तर स्पीकर शाबूत आहे. नाही आला तर मात्र लगेच काही ठरवू नका, त्या यूएसबीतही फर्मवेअर जुनं असू शकतं.

माइकचं उबंटूत अजून जमलेलं नाही. मीटिंगला यूएसबी हेडसेट वापरतो, त्यात स्वतःचीच ऑडिओ चिप असते.