बेळगावातलं वधू-वर सूचक केंद्र: पैसे भरण्याआधी वाचा

टिळकवाडीतल्या एका वधू-वर सूचक केंद्रात मी नाव घातलं, त्याबद्दल लिहितोय. केंद्राचं नाव देत नाही, कारण तिथं जे आवडलं आणि जे खटकलं ते बेळगावातल्या इतर केंद्रांतही थोड्याफार फरकानं तसंच आहे, असं मित्रांकडून ऐकलंय. मी उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर आहे. वय ३३. गाव तालुक्याच्या पश्चिमेला, लाल मातीचं, घरी भात आणि रताळी. लग्न न जमलेली माझ्या वयाची मुलं आमच्याकडं प्रत्येक गल्लीत सापडतील. त्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी वाचावं म्हणून सविस्तर लिहितो.

नोंदणी २,५०० रुपये, मुदत एक वर्ष. मुलींसाठी फुकट. लग्न जमल्यावर वेगळं काही घेत नाहीत आणि हे पावतीवरच छापलंय. ही गोष्ट मोठी आहे. कारण आमच्या भागात एजंट फिरतात. लांबच्या जिल्ह्यातली मुलगी दाखवतो म्हणून लाख-दीड लाख घेतात, कुठल्यातरी देवळात घाईनं अक्षता टाकतात, आणि काही दिवसांत मुलगी दागिन्यांसकट निघून गेलेली असते. घरचे लाजेपोटी पोलिसांतही जात नाहीत. केंद्रात तसला प्रकार नाही. आधार कार्ड, शाळेचा दाखला, पगाराची स्लिप, शेतीचा उतारा, सगळं स्वतः बघतात. मुलीकडच्यांचीही कागदं तेवढीच तपासतात.

आत गेल्यावर नजर कपाटावर जाते. मुलांच्या फायलींनी खण भरून गेलेत, मुलींच्या फायली एका खणात मावून वर जागा उरते. रविवारी आलेले बाप ते बघतात आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "पोरींचा भाव वाढलाय आता." मला हे वाक्य ऐकवत नाही. आमची सोयरीक चंदगड, आजरा, गडहिंग्लज या बाजूला पूर्वीपासूनची. हे तालुके ज्या कोल्हापूर जिल्ह्यात येतात, तिथं २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. देशाचा आकडा तेव्हा ९२७ होता. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा १९९४ चा, म्हणजे कायदा होऊनसुद्धा हे चालू होतं. त्या वेळची ती लहान पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत आणि त्यांच्या फायली या कपाटात आहेत. ज्यांनी तेव्हा तपासण्या केल्या त्यांना सोडून, शिकलेली मुलगी आज चार प्रश्न विचारते म्हणून तिच्यावर राग काढायचा, हे मला पटत नाही.

आता फॉर्म. या सेवेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आणि सगळ्यात कच्चाही हाच. चार पानांचा आहे. रास, नक्षत्र, नाडी, देवक, मामाचं कूळ इथपर्यंत मुलाचा आणि मुलीचा सारखाच. पुढं वाटा फुटतात. मुलाला विचारतात: पगार किती, नोकरी कायम की कंत्राटी, शेती किती एकर, त्यात बागायत किती, वाटण्या झाल्यात का, गावात घर स्लॅबचं की कौलारू, शहरात जागा आहे का, पुण्यात फ्लॅट आहे का, कर्ज किती, वडिलांना पेन्शन आहे का. मुलीला विचारतात: रंग, उंची, चष्मा, 'स्वयंपाक व घरकामाची आवड', 'लग्नानंतर नोकरी करण्याची इच्छा'. मुलाच्या फॉर्मात घरकाम हा शब्दच नाही. बायकोची नोकरी दुसऱ्या गावाला असली तर तुमची तयारी काय, हे नाही. तब्येत आणि व्यसन मिळून एक ओळ, आणि त्या ओळीत 'निर्व्यसनी' आधीच छापून ठेवलंय. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न असताना हे छापून ठेवणं मला गंभीर वाटतं. केंद्रात फॉर्म तपासायला ज्या काकू बसतात, त्यांना मी तसं सांगितलंही.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून आमच्या घरी सकाळचा स्वयंपाक माझ्याकडं आहे. भाकरी, आमटी, एक सुकी भाजी, बाबांचा डबा, माझा डबा. आई आता चालते-फिरते, पण खाली बसून भाकरी थापणं तिला जमत नाही आणि मला ते काम आवडतं. फॉर्ममध्ये हे लिहायला जागा नव्हती म्हणून शेवटच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. काकूंनी वाचलं आणि मायेनंच म्हणाल्या, "हे लिवू नको बाळ. पोरीकडची म्हणतील, घरात आजारी माणूस हाय, राबायला सून न्यायला आल्यात." मी खोडलं नाही. पण त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. पुरुषानं घरचं केलं की त्यात काहीतरी कमी असणार, असा अर्थ लोक काढतात, हे त्यांनी तिथं बसून पाहिलेलं आहे.

केंद्राची खरी चांगली सोय म्हणजे भेटीची खोली. घरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणजे दहा-पंधरा पाहुणे, मुलगी ट्रे घेऊन येणार आणि मुलगा भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसणार. माझ्या मोठ्या बहिणीला तसं बसवलेलं मी पाहिलंय. एका पाहुण्यानं तिला चालून दाखवायला सांगितलं होतं. केंद्रात तसं नाही. दोघांना अर्धा तास वेगळी खोली देतात, दार लोटलेलं असतं, मोठी माणसं बाहेर. चहा केंद्राचा. एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा मी हे केंद्र सुचवीन.

तिथं मला खानापूर तालुक्यातली एक मुलगी भेटली. खासगी दवाखान्यात नर्स, सरकारी भरतीची तयारी करणारी. वडील आधीच येऊन बसले होते. ती ड्यूटी संपवून मैत्रिणीबरोबर बसनं आली. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या बसचं तिकीट नाही, तेव्हापासून आमच्याकडच्या मुली एकट्या-दुकट्या तालुक्याला, शहराला सहज जातात-येतात. कुणी पोचवायला यावं म्हणून थांबत नाहीत. तिनं बसल्या बसल्या विचारलं, "रात्रपाळी असली की सकाळी उठून घरात कोण करतं?" मी सांगितलं. "भरतीत रायचूर नाहीतर बीदर मिळालं, तर तुम्ही काय करणार?" मी म्हटलं, दोन वर्षं लांब राहायची माझी तयारी आहे, तिकडं वर्कशॉप असली तर मीही येईन. तिनं माझ्या कामाबद्दल विचारलं, कास्टिंग (ओतीव भाग) कुठून येतं, मशीनवर काय होतं. कुठल्या मुलीनं माझ्या कामाबद्दल असं विचारलेलं मला खूप बरं वाटलं. मी तिला तिच्या वॉर्डबद्दल विचारलं. पगार हा शब्द त्या अर्ध्या तासात आला नाही.

बाहेर आलो तर तिचे वडील थांबलेले. "हातात किती येतोय? पुण्याला काय केल्यासा? जमीन तुमच्या नावावर किती?" वडील वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतः शेती केली, भावांत वाटण्या होऊन गुंठ्यांवर आलेली जमीन पाहिली, पोरीला शिकवलं. तिला परत त्याच चिखलात कशाला द्यायची, असा त्यांचा विचार. पण मी एकाच दुपारी दोन परीक्षांना बसलो होतो. बापाला त्यांच्या पिढीसारखा घर बांधून देणारा, पैसे आणणारा जावई हवाय, तोही पूर्वीपेक्षा जास्त पैसे आणणारा. मुलीला तिच्याबरोबरीनं घर सांभाळणारा नवरा हवाय. दोघांचंही मागणं मला समजतं. केंद्राच्या फॉर्मात मात्र फक्त बापाची प्रश्नपत्रिका आहे.

मुलीचा प्रश्न उगाच नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. तेही जे करतात त्यांचं. दिवसात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ निघाले. नर्सची पाळी करून आलेल्या मुलीनं पुढचे पाच तास घरकाम कोण करणार हे आधी विचारून घेतलं, तर शहाणपणच केलं.

या फॉर्मच्या रकान्यांनी मुलांचं काय होतं ते मी जवळून बघतोय. माझा एक वर्गमित्र पिंपरीला कंपनीत आहे. 'पुण्यात फ्लॅट' हा रकाना भरता यावा म्हणून त्यानं २० वर्षांचं कर्ज काढलं. हप्ता झेपत नाही म्हणून फ्लॅट भाड्यानं दिलाय आणि स्वतः कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून, राहतो. लग्न अजून नाही. फोनवर तो बोलतो ते फक्त हप्त्याबद्दल. गावातली पोरं पहाटे मैदानावर पळतात, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळं आमच्याकडं फौज हे घरोघरचं स्वप्न. पूर्वी फौजी म्हटलं की स्थळ लगेच जमायचं. २०२२ ला फौजेच्या भरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंतच पुढं कायम, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी देऊन घरी. आता मुलीचे वडील विचारतात, चार वर्षांनी काय? बाविशी-तेविशीतल्या पोराकडं याचं उत्तर कुठून असणार?

आणि माझ्या वयाची काही मुलं आता लग्नाच्या पंगतीला येत नाहीत, यात्रेला गावात थांबत नाहीत. कुणीतरी विचारणारच, "पावनं, यंदा तरी लाडू?" डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित मुलं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकातल्या मंड्याकडची मुलं बायको मिळावी म्हणून मलेमहादेश्वराच्या डोंगरापर्यंत चालत गेली. टीव्हीवर लोक हसले. मला त्यांच्या चेहऱ्यात आमच्या गल्लीतले चेहरे दिसले. शेती करणारा मुलगा दोन्ही राज्यांत सारखाच उभा आहे.

केंद्राबद्दलच्या दोन तक्रारी स्पष्ट सांगतो. पहिली: माझी माहिती त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली तेव्हा पगार ओव्हरटाइम धरून ४५,००० आणि शेती ५ एकर लिहिली होती. ती शेती तीन चुलत्यांत मिळून आहे, आमच्या वाट्याला दीड एकर. विचारल्यावर म्हणाले, "सगळेच असं लिवतात की, नाहीतर फोनच येत नाही." मी लगेच दुरुस्त करून घेतलं. फोन खरंच कमी झाले. तरी खोट्या आकड्यावर जमलेलं लग्न निस्तरायचं त्या मुलीला आणि मला, केंद्राला नाही. कागद स्वतः तपासता आणि नंतर आकडे वाढवता, याला माझा सक्त विरोध आहे.

दुसरी: मेळावा. ५०० रुपये वेगळे घेतात. मुलांना स्टेजवर बोलावून माइकवर नाव, शिक्षण आणि पॅकेज सांगायला लावतात. निपाणीकडचा एक मुलगा, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणारा, त्यानं १६,००० सांगितले तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं. निवेदकानं हसणाऱ्यांना काही म्हटलं नाही, पुढचं नाव पुकारलं. तो मुलगा जेवायला थांबला नाही. मुलींना स्टेजवर बोलावणं केंद्रानं काही वर्षांपूर्वी बंद केलंय, ते योग्यच केलं. मुलांचंही बंद करा. टेबलं मांडून दोन-दोन कुटुंबांना बोलू द्या.

खानापूरचं ते स्थळ जमलं नाही, वडिलांनी नोकरीवाला पुण्याचा बघितला. तरी मी नोंदणी पुढं चालू ठेवतोय, भेटीच्या खोलीसाठी आणि काकूंसाठी. काकूंना मी एका कागदावर रकाने लिहून दिलेत: रोज घरातलं कुठलं काम करता, बायकोची बदली झाली तर काय, आईवडिलांची सेवा कोण करतं, वाटण्या होऊन हातात येणारी जमीन किती, व्यसन आहे की नाही हे स्वतःच्या हातानं लिहा. दोन्ही फॉर्ममध्ये तेच प्रश्न. त्यांनी कागद ठेवून घेतलाय, नव्या छपाईच्या वेळी मालकांना दाखवते म्हणाल्या.

पाचपैकी ३. ज्यांना जायचंय त्यांनी रविवार सोडून जावं, रविवारी काकूंना बोलायला सवड नसते. फॉर्म घरी आणून भरा, मुलाचा मुलानं स्वतः भरावा, मामानं नाही. ग्रुपवर टाकायच्या आधी मजकूर मागून वाचा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. मेळाव्याचे ५०० रुपये सध्या भरू नका. भेट ठरवताना मुलीच्या ड्यूटीची वेळ आधी विचारा.