अठरा पाईप गेले, सोळाच वर आले

आमची बोअरची मोटर ठणठणीत चालत होती. चालत्या मोटरीला हात लावू दिला आणि तेरा हजार चारशे रुपये मोजून ती घालवून बसले, म्हणून हे लिहायला बसलेय.

घर सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. बोअर 2012 सालची, 210 फूट. वरचे काही फूट मुरूम लागला, तेवढ्यापुरतं केसिंग, म्हणजे माती ढासळू नये म्हणून घातलेला पाईप, त्याखाली सगळा काळा पाषाण. हे असताना सगळं तेच बघायचे. ते गेल्यावर मी बटण दाबायचं आणि टाकी भरली की बंद करायचं, एवढंच. वर्षातून दोनदा टाकी घासून घ्यायची आणि पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायची, हे शाळेत असल्यापासून माहीत आहे. हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर. ग्रामपंचायतीचा शिपाई शाळेच्या आडात टाकायचा, तेव्हा मुलांकडून आडातल्या पाण्याचं घनफळ काढून घ्यायचे मी. घनफळ जमायचं, मोटरीतलं मात्र काहीच कळायचं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये एक जण मोटारसायकलवरून आला. "बाई, गल्लीत सगळ्यांचं बोअरचं सर्व्हिसिंग चाललंय, तुमचंबी पावसाच्या आत करून घ्या." बाई म्हणाला, म्हणजे मी शाळेत होते हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. मुलगा पुण्यात असतो हेही सांगितलं असणार.

आधी त्याने मोटरीचं नावच काढलं नाही. स्वयंपाकघरात दोन ग्लास मागितले. एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. पिशवीतून चार दांड्यांचं यंत्र काढलं, दांड्या दोन्ही ग्लासांत सोडल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात आमच्या ग्लासात हिरवट फेस आला, मग तपकिरी, मग डबक्यातला गाळ ढवळावा तसा काळपट थर. बाटलीतलं पाणी तसंच नितळ. मला शिसारी आली. हे आपण पितो? तो ग्लास त्याने उचललाच नाही, माझ्यासमोर ओट्यावर तसाच ठेवला. म्हणाला, "हीच घाण मोटरीत बसते, बाई. वर्षातून एकदा मोटर वर काढून धुवावी लागते."

बावीस हजारांचं पाणी शुद्ध करायचं मशीन मी नको म्हटलं आणि स्वतःवर खूश झाले. पंधराशेच्या सर्व्हिसिंगला हो म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी तो दोन पोरं घेऊन आला. क्लॅम्प, चेनपुली, सगळं सामान. अर्ध्या तासात अंगणात पाईपांची रांग लागली. मी चहा करायला आत गेले. बाहेर आले तर तो केबलच्या टोकाला मेगर, म्हणजे मोटरीतली वीज कुठे गळते का ते बघायचं यंत्र, लावून बसलेला. काटा शून्यावर. "वाइंडिंगला, म्हंजी मोटरीच्या आतल्या तारांला, पाणी लागलंय. आज नाय तर आठ दिवसांनी जळणारच हुती. वर्कशॉपला न्यायला लागंल." मोटर, पंप, दोन्ही टेम्पोत घालून गेला. मी काहीच लिहून घेतलं नाही. नंबर नाही, फोटो नाही. लेकाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, करून घे, उगाच पाण्याविना राहू नको."

तिसऱ्या दिवशी मोटर आली. धुतलेली, नवा निळा रंग दिलेली. मला वाटलं, काय मन लावून काम केलंय! सर्व्हिसिंगच्या पंधराशेत मजुरी मिळवून 3,500, रिवाइंडिंगचे 7,400, बुश आणि बेअरिंगचे 1,600, नव्या दोराचे 900. वहीच्या पानावर लिहून दिलं. मोटर चालू केल्यावर मला पॅनलजवळ बोलावलं. "बघा, आधी नऊ अँपिअर घ्यायची, आता सात. लाईट बिल कमी येणार तुमचं." मी त्याला वर शंभर रुपये पोरांच्या चहापाण्याला दिले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

हजार लिटरची टाकी आधी पस्तीस मिनिटांत भरायची, ती आता तासभर घ्यायला लागली. मे महिन्यात नळातून पाणी कमी आणि हवाच जास्त, फुसफुस, खडखड. त्याला फोन केला. "पाणी खाली गेलंय बाई, कॉम्प्रेसर लावून फ्लशिंग करू, सहा हजारात." मी पैसे काढूनही आणले होते. मग सहज शेजारी विचारलं. त्यांची बोअर आमच्यापासून पन्नास पावलांवर, खोलीही साधारण तेवढीच. त्यांचं पाणी व्यवस्थित होतं.

आठवड्यात मोटर बंद पडली. या वेळी माझ्या हातून चौथी पास झालेला एक मुलगा बोलावला. मुलगा कसला, आता दोन लेकरांचा बाप आहे. त्याने पाईप काढायला सुरुवात केली आणि मध्येच विचारलं, "बाई, मोटर किती फुटावर सोडलेली?" मला सांगता येईना. मग ह्यांची निळी वही आठवली. देवघराखालच्या कप्प्यात होती. त्यात बारीक अक्षरात सगळं: दहा फुटी पाईप 18, मोटर 180 फुटावर, दीड एचपी, तांब्याचं वाइंडिंग, मोटरीचा नंबर, पहिल्या दिवशीचे अँपिअर 9. वर आलेले पाईप मोजले. सोळा.

आमची मोटर चांगली लांब दिसायची, ही त्याहून आखूड. रंग खरवडला तर नेमप्लेट नाही, नुसती चार भोकं. आमची नव्हतीच ती. एक एचपीची, आत अ‍ॅल्युमिनियमचं वाइंडिंग. सातच अँपिअर का घेत होती ते तेव्हा उमगलं. पॅनलमधला ओव्हरलोड, म्हणजे जास्त वीज ओढली की मोटर बंद करणारा स्विच, दीड एचपीच्या हिशेबाने लावलेला, त्यामुळे लहान मोटर तापली तरी तो ट्रिप व्हायचा नाही. वर दोन पाईप कमी, म्हणजे पंप वीस फूट वर टांगलेला. मेमध्ये पाण्याची पातळी उतरली तशी तो हवा ओढायला लागला. सबमर्सिबल मोटर पाण्यानेच थंड राहते, ते कमी पडल्यावर जळाली.

"आणि मेगर शून्य दाखवत होता तो?" मी विचारलं. तो हसला. केबलची टोकं ओली ठेवली तरी काटा पडतो म्हणे. आणि चांगली चालणारी मोटर दर वर्षी वर काढायची काही गरज नसते. अँपिअर आणि टाकी भरायला लागणारा वेळ महिन्यातून एकदा लिहून ठेवावा, त्यात फरक पडला तर मेकॅनिकला बोलवावं. मोटर नुसती गुणगुणली आणि फिरली नाही, तर आधी पॅनलमधला कंडेन्सर बघावा, तो थोडक्या पैशात बदलून होतो.

नवी मोटर, दोन पाईप आणि मजुरी धरून एकोणीस हजार गेले. आधीच्याचा फोन लागेना. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत जाता येतं. पण माझ्याकडे होतं काय? वहीचं पान, त्यावर ना दुकानाचं नाव, ना सही.

ग्लासातल्या काळ्या पाण्याचा उलगडा भाच्याने केला, अकरावी सायन्सला आहे. दुकानातलं बाटलीबंद पाणी ग्लासात ओतलं, दोन लोखंडी खिळे सोडले, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. काही नाही. मग चिमूटभर मीठ टाकलं. थोड्या वेळात तेही पाणी हिरवट, मग गंजासारखं पिवळट. घाण पाण्यात नसते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते, आरओ फिल्टरच्या पाण्यात क्षार फारच कमी म्हणून तिथे काही होत नाही. तरी मी पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दिला. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला 620 मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे 500 पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतं. कठीणपणा आहे, डाळ उशिरा शिजते, ते मला बोअर घेतल्यापासून ठाऊक आहे.

आता पॅनलच्या दाराला आतून ऑइलपेंटने लिहून घेतलंय: पाईप, फूट, नंबर, अँपिअर, तारीख. नवी मोटर सोडायच्या दिवशी मी चहा आधीच थर्मासमध्ये भरून ठेवला आणि खुर्ची टाकून बोअरजवळ बसले. पोरगं ओशाळलं. "बाई, माझ्यावर बी विश्वास न्हाय व्हय?"

"आहे की. मोठ्यानं मोज."

आणि त्याने एकेक पाईप खाली सोडत मोठ्याने मोजलं, थेट अठरापर्यंत.