दहा हजारांच्या आतली मिनी टेबल सॉ: आठ महिने, एक गुराब आणि पोतंभर भुसा

१:४८ च्या मापात, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढी, गुराबेची (मराठा आरमारातल्या लढाऊ जहाजाची) प्रतिकृती बांधायची तर खरं काम फळ्यांचं. जहाजावरची दहा इंची फळी या मापात ५.३ मिमी रुंद येते, जाडी १ मिमी. अशा पट्ट्या शेकड्यांनी लागतात आणि हातकरवतीने एकसारख्या निघत नाहीत. मिनी टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली ही छोटी करवत, त्यासाठीच घेतली: २४ व्होल्टची ७७५ नमुन्याची मोटर, ६३ मिमीचं पातं, लाकूड टेकवायची सरकती पट्टी म्हणजे फेन्स.

जसं खोक्यातून निघतं तसं हे मशीन निरुपयोगी आहे. सोबत आलेलं कार्बाइडचं पातं १.२ मिमी लाकूड खातं. २५ मिमी रुंद तुकड्यातून जेमतेम ११ पट्ट्या पदरात पडतात, बाकी भुसा. ०.६ मिमीचं स्लिटिंग कटर (धातूत खाच पाडायचं पातळ गोल पातं) लावलं की १५ निघतात. ते सुतारी सामानाच्या दुकानात नाही, मशीन टूल्सवाल्याकडे मागायचं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशिकात ही अडचण नाही. ६३ मिमीच्या कटरचं भोक बहुधा १६ मिमी असतं, म्हणून शाफ्ट बारीक असेल तर लेथवर बुश (भोकात बसणारी धातूची कडी) करून घ्या. बुश सैल झाला की पातं एका बाजूनेच कापतं. चटचट आवाज आला की समजायचं.

दाते किती, हा प्रश्न बहुतेकांचा चुकतो. १०० दात्यांचं बारीक पातं छान दिसतं, पण ५.३ मिमी जाडीच्या तुकड्यात (तुकड्याची जाडी म्हणजेच फळीची रुंदी) त्याचे एका वेळी आठ-नऊ दाते अडकतात, भुशाला जागा उरत नाही आणि पट्टी काळी पडते. पन्नास-साठ दात्यांचं घेतलं तर चार-पाचच अडकतात आणि काप स्वच्छ येतो. पातं थोडं वर उचललं की आणखी फरक पडतो. या पात्याच्या दात्यांना फाक नसते (दाते आळीपाळीने दोन्ही बाजूंना वाकवलेले नसतात), त्यामुळे कापलेलं लाकूड मिटलं की पातं चिमटलं जातं. घाईने रेटू नका.

दुसरा दोष टेबलावरच्या फटीचा. १ मिमीची पट्टी सरळ त्यात जाते नि तुटते. ३ मिमी अॅक्रिलिकचा तुकडा दुतर्फी टेपने चिकटवून, फेन्सने दाबून धरून, चालू पातं खालून हळू वर काढा. जेवढं पातं तेवढीच फट राहते. हा अर्ध्या तासाचा उद्योग सगळ्यात जास्त कामाचा.

फेन्सवरची छापील मापपट्टी शोभेची आहे. दर वेळी पात्याच्या पुढच्या आणि मागच्या दात्यापासून फेन्सपर्यंतचं अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजा, मागे ०.०५ ते ०.१ मिमी जास्त हवं, कमी असेल तर लाकूड अडकून उसळतं. बारीक पट्टी फेन्स आणि पात्याच्या मध्ये कापू नये. ती पात्याच्या बाहेरच्या बाजूला पडू द्या. तिथे बेअरिंगचा एक स्टॉपर लावा आणि दर कापाला लाकूड स्टॉपरला टेकवून फेन्स सरकवा. स्टॉपर पात्याच्या अलीकडे, तुमच्या बाजूला हवा. पात्याच्या शेजारी ठेवलात तर सुटलेली पट्टी दाबली जाते. एवढं सगळं केल्यावर जाडीतला फरक ०.१ मिमीच्या आत राहतो, आणि तो १२० नंबरच्या पॉलिश पेपरने निघून जातो.

लाकूड हळदूचं घ्या. सागवानाचे डोळे (लाकडातली छिद्रं) मोठे, १:४८ ला ते फळीपेक्षा आधी दिसतात. वर तेलकट असल्याने फेविकॉल लावण्याआधी थिनरने पुसावं लागतं. नाळेकडे (जहाजाच्या पुढच्या टोकाकडे) वळवायच्या पट्ट्या वीस-पंचवीस मिनिटं गरम पाण्यात ठेवा, मगच वाकवा. आणि पावसाळ्यात कापून लगेच चिकटवू नका. नाशिकच्या एप्रिलातल्या कोरड्या हवेत १२ फळ्यांच्या सुमारे ६४ मिमी रुंदीत अर्धा मिमी सहज आटतो, म्हणजे सांधे उघडतात. कापलेल्या पट्ट्या बांधून महिनाभर घरातच ठेवाव्यात.

सोबतचा अॅडॉप्टर १० मिमी लाकडातच दम टाकतो, म्हणून तुकडा आधीच रंधून ५.३ वर आणा. मोटरच्या जाळीत भुसा साठतो, दर तासाभराने ब्रशने झाडा. साग कापलात तर त्याची भुकटी घशाला लागते, तेव्हा एन-९५ मास्क.