ऑर्केस्ट्रात बसून लीडरशिप शिकवणारं वर्कशॉप: संगीत भारी, स्लाइड्स बोअर

ऑफिसने पाठवलं म्हणून गेलो, नाहीतर मेलमधे लीडरशिप हा शब्द दिसला की मी न उघडताच डिलीट मारतो. अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम, खराखुरा ऑर्केस्ट्रा, आणि आपल्याला समोर प्रेक्षकात नाही तर थेट वादकांच्या मधे खुर्ची देतात, ही आयडिया ज्याची असेल त्याला मानलं.

माझी खुर्ची एकदम मागे, ट्रॉम्बोनवाल्याच्या शेजारी (ट्रॉम्बोन म्हणजे ते फुंकून वाजवायचं लांब पितळी वाद्य). बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी होती आणि त्यात ट्रॉम्बोन थेट चौथ्या मूव्हमेंटला, सिम्फनीच्या चौथ्या भागात, येतात, म्हणजे तोवर तीन मूव्हमेंट हा माणूस वाद्य मांडीवर घेऊन गप्प. आमच्याकडे कोणी एवढा वेळ मोकळा दिसला असता तर मीच त्याच्या गळ्यात दोन कामं मारली असती! पण तो मोकळा नव्हताच हो, सगळं ऐकत होता, वेळ जवळ आली तसं वाद्यात नुसती हवा फुंकून ते गरम करून घेतलं आणि चौथी सुरू झाली तेव्हा माझी खुर्ची अक्षरशः हादरली.

मागे बसल्यावर अजून एक कळलं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, त्यामुळे 15 मीटर पुढच्या व्हायोलिन ऐकून त्यावर वाजवायला गेलात तर आधीच उशीर झालेला असतो, म्हणून मागचे लोक कानापेक्षा समोर उभं राहून हातवाऱ्यांनी ताल देणाऱ्या कंडक्टरच्या हातावर जास्त भरवसा ठेवतात. हेडऑफिसपासून लांब बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग कंडक्टरची ती छडी, बॅटन, आमच्या हातात. या सिम्फनीची सुरुवातच मुळी एका छोट्या शांततेने होते, पहिल्या स्वराच्या आधी एक विराम आहे. मी जोरात हात खाली आणला आणि सगळे मागेपुढे घुसले, नुसता गोंधळ. कंडक्टर हसून म्हणाले, "अहो, तुम्ही श्वासच घेतला नाहीत, त्यांना कळणार कसं?" दुसऱ्यांदा श्वास घेऊन हात उचलला तर सगळे एकत्र आले, अंगावर काटा. मग चावटपणा म्हणून मधेच हात थांबवला तर ते आपले वाजवतच राहिले 😅

इथे थांबले असते तर पाच स्टार. पण नंतर दीड तास स्लाइड्स, सिनर्जी वगैरे, आणि ज्यांच्याकडून ऐकायचं ते वादक मागे चहा पीत उभे. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा 1972 पासून कंडक्टरशिवाय वाजवतो, मग त्यांचं कसं जमतं असं मी विचारलं तर ट्रेनर म्हणाले वेळ संपली. अरे, तोच तर प्रश्न होता!

साडेतीन स्टार. जाणार असाल तर मागची खुर्ची मागून घ्या आणि चहाच्या वेळी ट्रेनरला सोडून वादकांना गाठा.