हायकार्बन म्हणून गळ्यात मारलेली पट्टी

कॅम्पिंगला न्यायला स्वतःच्या हाताने एक सुरा करायचा, हे खूळ गेल्या पावसाळ्यात डोक्यात शिरलं. पोलाद कुठलं घ्यायचं ते पक्कं होतं: ट्रकच्या पाट्याचं, म्हणजे चाकांवरच्या कमानीसारख्या स्प्रिंगच्या पट्टीचं. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा वर असतो, म्हणून ते पाणी घेतं, म्हणजे लाल तापवून तेलात किंवा पाण्यात झटकन गार केलं की कडक होतं. लोहार कोयते त्याचेच करतात.

भंगारवाल्याने ९०० रुपयांना ५ मिलिमीटर जाडीची पट्टी दिली. सरळ, घासून लखलखीत. "पाटा तर कमानीसारखा वाकडा असतो ना?" असं विचारलं, तर म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठीच सरळ करून ठेवलाय. हायकार्बन, एक नंबर माल." बिल मागायचं सुचलंच नाही.

मग सहा रविवार गॅलरीत. पट्टीवर सुऱ्याचा आकार आखून कापला, मुठीच्या रिवेटांसाठी तीन भोकं पाडली. ड्रिल लोण्यात जावं तसं गेलं. कानसही सरसर चालली. इथेच मी फसलो, कारण मला वाटलं आपला हात बसला! पाट्याचं पोलाद आधी तापवून राखेत हळूहळू गार केल्याशिवाय इतकं मऊ लागत नाही, हे वाचलेलं होतं. पण कौतुक आपलंच चाललेलं असताना असलं काही आठवत नाही.

धारेच्या बाजूला मधोमध दोन रेघा ओढून दोन्हीकडून उतार घासला. कडेला जेमतेम एक मिलिमीटर जाडी ठेवली, कारण त्याहून पातळ धार पाणी देताना वाकते किंवा तडकते. उतार दोन्हीकडे सारखा आला होता. त्याचा मला अजूनही अभिमान आहे.

कोळशाची भट्टी, भात्याऐवजी हेअर ड्रायर. लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे साधारण ७७० अंशांच्या जरा पुढे, पातं तापवलं आणि कोमट तेलात बुडवलं. गार झाल्यावर कानस लावली. पाणी बसलं असतं तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली असती. इथे भुसा पडला. चूक माझीच समजून पुन्हा तापवलं. तिसऱ्यांदा तर थेट पाण्यात. तरी तेच.

शेवटी भोरजवळच्या आमच्या गावच्या लोहारकाकांकडे गेलो. त्यांनी पातं ग्राइंडरला टेकवलं. लांब, सरळ, पिवळट ठिणग्या. मग स्वतःचा कोयता टेकवला, तर प्रत्येक ठिणगीच्या टोकाला फुलं फुटत होती. "लोखंड आहे रे हे, खिडकीच्या गजाचं. याला समुद्राचं पाणी पाज, काही होणार नाही." दहा सेकंदांची परीक्षा! दुकानात ग्राइंडर समोरच होता. पैसे देण्याआधी एक कोपरा टेकवून बघायला सांगितलं असतं, तर सहा रविवार वाचले असते.

भंगारवाला म्हणाला, "तापवताना तुम्हीच बिघडवलं असेल." बिल नाही, काय बोलणार?

त्या सुऱ्याने आई आता कुंड्यांतली माती उकरते. मी गॅरेजमधून तुटका, गंजलेला, वाकडा पाटा १५० रुपयांना आणलाय. पहिल्याच भोकाला ड्रिलचा बिट जळाला. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.